ओढणीची वीस मिनिटं

माझा नवरा निकेत आयुष्यात एकदाच सिनेमा करायला गेला आणि तो मी बिघडवला. निदान आमच्या थळ गावात तेवीस वर्षं असंच सांगितलं जातंय. सांगणारा अर्थात तोच.

तेव्हा आमचं लग्न झालं नव्हतं. निकेतने मामाचा नवाकोरा, टेप घालायचा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा बोंबील वाळवायच्या वलांडीच्या बांबूला बांधला, चालू केला आणि हा बाबा गेला चहा प्यायला. तासभर नुसते सुकणारे बोंबील, हा म्हणे प्रयोग! बोंबील राखायचं काम माझं. दोन कावळे त्या चकचकीत काचेवर चोची मारायला लागले, म्हणून मी माझी पिवळी ओढणी कॅमेऱ्यावर टाकली. शेवटची वीस मिनिटं ओढणीच ओढणी. तो भांडायला आला, आणि मग रोजच यायला लागला. लग्न झालं, पण "वाट लावलीस" काही थांबलं नाही. मी हसून दाखवायचे, पण मनाला लागायचं.

परवा मांडव्याला बोटीतून उतरून अमिषा नावाची एक बाई आमच्याकडे आली. सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर लोकांनी केलेले असले उद्योग ती जमवते. निकेतच्या मित्राकडून तिला टेपचा सुगावा लागला होता. आमचा कॅमेरा केव्हाच मेला होता, म्हणून तिने आपला आणला आणि टीव्हीला जोडला. मी पहिल्यांदाच पाहत होते.

चाळीस मिनिटं बोंबील. मी दोनदा जांभई दिली. मग सगळं पिवळं झालं. कॅमेरा बिचारा फोकस शोधत कधी ओढणीच्या विणीकडे बघायचा, कधी पलीकडच्या बोंबलांच्या सावल्यांकडे. वारा आला की ओढणी उडायची, जरासा समुद्र दिसायचा, पुन्हा पिवळं. फार सुंदर होतं ते.

अमिषा खुर्चीत पुढे सरकली. "आताचे फोन असे गोंधळतच नाहीत हो. मी हिंडते ती याच्यासाठी! ओढणीची कल्पना कशी सुचली तुम्हाला?"

प्रश्न निकेतला होता. असं कौतुक त्याचं कोणी कधी केलं नव्हतं. आता हा गप्प बसला, तर बिघडवलं मी आणि सुचलं त्याला.

त्याने मिशीवरून हात फिरवला.

"मना न्हाय सुचली," तो म्हणाला. "हिची हाय ती. मी तवा चा पीत व्हतो."

टेप अमिषा नेणार होती, डबीवर करणाऱ्याचं नाव हवं होतं. निकेतने पेन घेतलं. आधी 'किशोरी' लिहिलं, मग खाली स्वतःचं.

"आन कावल्यांचं नाव?" मी विचारलं. नाहीतर रडलेच असते.