अर्धा बंपर

आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत खाट एक, माणसं चार आणि विषाच्या बाटल्या अकरा. माणसांना खाटेवर पाळीपाळीनं जागा मिळते. बाटल्यांना खाटेखाली कायमची.

बाटल्या थंड पेयाच्या आहेत. वर संत्र्याचं चित्र अजून आहे, आत मात्र काळा द्रव, ज्याचा संत्र्याशी सात जन्मांत संबंध आलेला नाही. तो माझ्या नवऱ्याचा, जयवंतचा धंदा. गाड्यांचं काळं प्लास्टिक, म्हणजे बंपर, आरशांची टोपणं, दारावरच्या पट्ट्या, हे सगळं मुंबईच्या उन्हात तीन-चार वर्षांत राखेच्या रंगाचं होतं. जयवंत ते पुन्हा काळं करून देतो. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले म्हणून तो चारचौघांत मला ‘आमची सायंटिस्ट’ म्हणतो. सायंटिस्टनं झाकण हुंगून सांगितलं, “यात थिनर आहे, आणि मूल रांगायला लागलंय,” की तो म्हणतो, “तुला ना, सगळ्यातच काहीतरी दिसतं.” याहून शास्त्रीय उत्तर मी ऐकलेलं नाही.

आमची तुळसा दहा महिन्यांची आहे. नावांचं पुस्तक मी दिवस असतानाच आणलं होतं, खुणाही करून ठेवल्या होत्या. सासऱ्यांनी पुस्तक न उघडता त्यांच्या आईचं नाव ठेवलं. तुळसाला प्रत्येक वस्तूची चव बघायची असते. आतापर्यंत चप्पल, विजेचं बिल आणि गणपती मंडळाची पावती चाखून झाली आहे. खाटेखालचं संत्रं तिनं हेरलंय हे मला तिच्या नजरेवरून कळतं. दिवसभर मी तिला पाय धरून खाटेखालून ओढते. बाटल्या माळ्यावर ठेवून पाहिल्या, तर वरचा पत्रा तापून त्या फुगल्या आणि एक फुटली. जयवंतनं खालच्या बिऱ्हाडाची माफी मागितली. माझी नाही.

म्हणून समोरच्या टॉवरचं काम मिळणं ही माझी गरज होती. जयवंतला वाटायचं, त्याची आहे. टॉवरच्या सेक्रेटरींनी त्याला बोलावून सांगितलं होतं, “आमच्या चाळीस गाड्या आहेत. रविवारी माझ्या गाडीवर करून दाखवा. पसंत पडलं तर काम तुमचं. सामान ठेवायला खाली खोली आहे, उरलेल्या फरशा ठेवतो तिथे.” जयवंतला चाळीस गाड्या ऐकू आल्या. मला खोली ऐकू आली.

अडचण होती ती माझ्या सासऱ्यांची.

सासरे, दगडूबाबा, बावीस वर्षं मिलच्या रंगखात्यात होते. संप झाला, मिल बंद पडली, आणि तिच्याच जागेवर हा टॉवर उभा राहिला. मिलचं धुराडं बिल्डरनं शोभेसाठी ठेवलंय. कामगार तितके शोभिवंत नव्हते. रंगखात्यात रीत अशी होती, की रंगवलेलं कापड बाहेर जाण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं. फडक्याला डाग लागला तर रंग कच्चा, माल परत. खातं जाऊन चोवीस वर्षं झाली, रीत चालू आहे. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या शालूचा पदर भर मांडवात ओल्या रुमालानं घासला होता. शालू पास झाला. माझा निकाल त्यांनी राखून ठेवला.

गेल्या महिन्यात त्यांनी रस्त्यावर एका गिऱ्हाइकासमोरच त्याचा बंपर घासला. फडकं काळं झालं. “कच्चो,” बाबा म्हणाले, गिऱ्हाईक गेलं.

शनिवारी जयवंत मला म्हणाला, “उद्या बाबांना खाली उतरू द्यायचं नाही. जबाबदारी तुझी.”

“कशी? बांधून ठेवू?”

“तुळसाला दे त्यांच्याकडे. पोर घेऊन कुठे जाणार?”

तुळसाला दहा मिनिटांवर मी कुणाकडे दिलेलं नाही. पण खोलीसाठी दिलं. बाबांना सात सूचना केल्या, त्यातल्या चार बाटल्यांच्याच.

“अगो, दोन पोरां वाढवलंय मी,” बाबा म्हणाले.

त्यातलं एक पोर मी रोज बघते. काळजी उगाच नव्हती.

टॉवरच्या तळघरात पार्किंग आहे. जयवंत बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून मीही त्याच्याबरोबर गेले. त्यानं फरक दिसावा म्हणून बंपरचा डावा अर्धा भाग काळा केला आणि उजवा तसाच ठेवला. डावीकडे नवी गाडी, उजवीकडे भंगार. सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकून बघत म्हणाले, “वा! आणि हे सेफ आहे ना? केमिकल वगैरे?”

“एकदम सेफ, साहेब. लहान मुलानं चाटलं तरी काही होणार नाही.”

जगात इतकी वाक्यं असताना त्याला हेच सापडलं. मी खांबावरचा नंबर वाचत उभी राहिले.

तेवढ्यात उतारावरून बाबा आले. कडेवर तुळसा, खांद्यावर फडकं.

“रडाक लागला,” ते म्हणाले. “आवस व्हयी तेका.”

तिला आई हवी होती म्हणे, पण तुळसाच्या गालावर अश्रूचा ठिपका नव्हता. बाबांच्या फडक्यातून पाणी मात्र ठिबकत होतं.

मी पुढे होईपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं. तुळसा नुकतीच धरून उभी राहायला शिकलीय. समोर बंपर होता, तोही तिच्या उंचीचा. तिनं दोन्ही तळवे काळ्या भागावर टेकले, उभी राहिली, स्वतःवर खूश झाली, आणि हात उचलून बघितले. कोळशासारखे काळे. मग उजवा हात, अगदी सावकाश, तोंडाकडे निघाला.

“तोंडात घालू नको! विष आहे ते!”

तळघरात आवाज चांगला घुमतो. माझं मलाच ते तीनदा ऐकू आलं.

मी झडप घालून तिचा हात धरला आणि बाबांच्या खांद्यावरचं फडकं ओढून पुसला. फडकं काळं झालं. बाबांनी ते माझ्या हातून घेतलं, उजेडात धरलं.

“कच्चो,” ते समाधानानं म्हणाले.

“विष?” सेक्रेटरींनी विचारलं.

“नाही हो साहेब,” जयवंत म्हणाला, “आई आहे ना, घाबरट आहे. हिला साबणातसुद्धा...”

“हे बघा,” सेक्रेटरी हात वर करून म्हणाले, “काम चांगलं दिसतंय, करा तुम्ही. पण ही असली वस्तू इथे ठेवायची नाही. सोसायटीत लहान मुलं आहेत. रोज घरून आणा, संध्याकाळी घरी न्या.”

सोसायटीत लहान मुलं आहेत. माझ्या कडेवर बहुधा दुधी भोपळा होता.

“मग काम बंद,” मी म्हणाले.

आमच्या घराला संपाचा अनुभव दांडगा आहे. जिंकण्याचा नाही.

“ए, काय बोलतेस तू?” जयवंत दबक्या आवाजात म्हणाला.

“अहो बाई, असं कसं? अर्धा बंपर काळा, अर्धा पांढरा! संध्याकाळी व्याह्यांकडे जायचंय मला,” सेक्रेटरी म्हणाले.

“मग उजवी बाजू भिंतीला लावून उभी करा,” मी म्हणाले. “खोलीची किल्ली द्या, उरलेला अर्धा होईल.”

सेक्रेटरींनी गाडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. ते नरमत होते, मला दिसत होतं. अजून एक मिनिट मिळालं असतं तर किल्ली आली असती.

“पण सूनबाय,” बाबा म्हणाले, “ह्यो अर्धोसुदिक रवाचो नाय. पाण्यान जातलो.”

आणि वॉचमन रामजीकडून त्यांनी बादली मागून घेतली, फडकं पिळलं आणि चार हातांत डावी बाजू पुसून काढली. गाडी दोन्हीकडून सारखी भंगार दिसायला लागली. माझा संप चार मिनिटं टिकला. फोडायला बाहेरचं कुणी लागलं नाही, घरचाच माणूस पुरला.

“बरं झालं,” सेक्रेटरी म्हणाले. “होती तशी झाली.” ते लिफ्टकडे निघून गेले.

“झालं समाधान?” जयवंत मला म्हणाला आणि बाटल्या पिशवीत भरायला लागला. म्हणजे परत खाटेखाली.

बाबा मात्र उठेनात. “धुवूक घेतलेलो माल अर्धो सोडूचो नसता,” म्हणत त्यांनी रामजीकडून कपड्यांचा साबण घेतला आणि पूर्ण बंपर घासायला बसले. पहिल्या पाण्याला चहासारखा मळ निघाला. दुसऱ्याला पण निघाला. तिसऱ्याला फडकं पांढरं राहिलं.

“जयवंता, तू आधी धुतंस नाय?”

“हातानं धूळ झटकतो की.”

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं रंगखात्यात बदलीवर आलेल्या एखाद्या नवख्या कामगाराकडे बघितलं असेल. मग म्हणाले, “आता सुकांदे.”

सुकेपर्यंत मी एक बाटली उघडून हुंगली. बोटावर थेंब घेऊन चोळला. तेलकट.

“यात काय घालतोस?”

“तेल. थोडंसंच. चमक येते त्यानं.”

“तेल घातल्यावर रंग धरेल कशाला? न मिसळलेलं आहे का?”

“आहे. पण चमक नाही येणार.”

“चमक व्हयी काय रंग?” बाबांनी विचारलं.

जयवंतनं बिनतेलाची बाटली काढून दिली. बाबांनी कापसाच्या बोळ्यानं अगदी पातळ हात मारला, काठाकाठानं, जणू पैठणी रंगवतायत. मग पुन्हा वाट बघणं. तुळसा माझ्या खांद्यावर झोपून गेली. सेक्रेटरी जेवून खाली आले, आम्ही अजून तिथेच आहोत हे बघून कपाळाला आठी घातली, आणि मग बंपर बघितला. चकचकीत नव्हता. नुसता काळा होता, शाळेतल्या नव्या फळ्यासारखा.

बाबांनी ओलं फडकं दोनदा घासून दाखवलं. पांढरं. सेक्रेटरींचा विश्वास बसला नाही. त्यांनी स्वतःचा इस्त्रीचा रुमाल भिजवला आणि वाकून घासला. पांढरा.

“अच्छा,” ते म्हणाले. “मग उद्यापासून या. सामान तेवढं घरून...”

ते थांबले. माझा एक संप आधीच होऊन गेला होता. जयवंत माझ्या खांद्याकडे बघत होता. तुळसाची मूठ झोपेत उघडली होती. पुसूनही तळव्याच्या रेघांत काळं तसंच होतं.

“साहेब,” जयवंत म्हणाला, “घरात पोर रांगतं. बाटल्या घरी नाही नेता येणार.”

“मग?”

“मग नाही जमणार.”

चाळीस गाड्यांना तो नाही म्हणाला होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी पुन्हा खांबावरचा नंबर वाचला.

सेक्रेटरींनी रुमालाची घडी घातली. “रामजी, फरशांच्या खोलीची किल्ली आण. कुलूप नवीन लाव. आणि आत काय ठेवलंय ते लिहून घे.”

रामजीनं वही आणली, पेन तोंडात धरून पान शोधलं. “सामान काय लिहू?”

“पॉलिश,” जयवंत सवयीनं म्हणाला.

मी एका हातानं तुळसाला सावरलं, दुसऱ्या हातानं पेन घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: विष. मुलांपासून लांब ठेवणे.

रामजीनं ते दोनदा वाचलं आणि आपली खुर्ची उचलून त्या दारापासून चांगली चार हात लांब नेऊन ठेवली.