साडूचं हॉस्पिटल

दीनानाथला जगात कुणाचा म्हणून हेवा वाटत नसे. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तर हा पठ्ठ्या स्वतः जाऊन पेढे मागून यायचा. अपवाद एकच, साडू. तसं पाहिलं तर साडू म्हणजे काय, दोघांनी एकाच घरच्या दोन मुली केल्या, एवढाच संबंध. पण सासरच्या पंगतीत कुणाच्या पानात श्रीखंड जास्त पडलं हे माणूस मरेपर्यंत विसरत नाही. आणि दीनानाथच्या मते ते नेहमी मोहनच्या पानात पडत आलं होतं.

दीनानाथ इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या एका सरकारी हॉस्पिटलात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, एकतीस वर्षं होता. मोहन धाकटा साडू. बारा वर्षांपूर्वी पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर मेडनहेडला आला आणि आल्या आल्या त्याच्या हातात खासगी आरोग्यविम्याचं कार्ड पडलं, बायको-मुलांसकट. ते कार्ड दीनानाथच्या डोळ्यांत जे खुपलं ते कायमचं.

दोघी बहिणींचे गुडघे आईवर गेलेले. थोरल्या अक्षयाचा, म्हणजे दीनानाथच्या बायकोचा, उजवा आणि धाकट्या कस्तुरीचा, म्हणजे मोहनच्या बायकोचा, डावा, एकाच वर्षी कुरकुरायला लागले. कस्तुरीचा पाच आठवड्यांत बदलूनसुद्धा झाला. स्वतंत्र खोली, हातात जेवणाचं मेन्यूकार्ड, खिडकीबाहेर हिरवळ. सगळे फोटो व्हॉट्सॲपवर आले. अक्षया एनएचएसच्या, म्हणजे सरकारी फुकट उपचारांच्या, यादीत चौदा महिने होती. ती शाळेत टीचिंग असिस्टंट होती. पोरांच्या चिमुकल्या खुर्च्यांशेजारी वाकून बसणं जमेना, तेव्हा जुलैत तिने नोकरी सोडली. पलंग खालच्या खोलीत आला. आंघोळीला वर जायचं तर पायरीवर बसून, पाठमोरी, एकेक पायरी सरकत जायची. दीनानाथ खाली उभा राहून बघायचा आणि त्याच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. ते खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

श्रावणात तिथल्या मराठी मंडळाने चर्चचा हॉल भाड्याने घेऊन मंगळागौर केली. मेडनहेडची मंडळीही आली. बायका झिम्म्याला उभ्या राहिल्या. पंधरा वर्षं त्या रिंगणाच्या मधोमध अक्षया असायची. यंदा ती भिंतीकडेच्या खुर्चीत बसून गाणी सांगत होती. मधोमध नव्या गुडघ्याची कस्तुरी. हळूहळू, जपून, पण उभी.

चहाच्या टेबलाशी मोहन दीनानाथच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"काय दीनानाथराव, ताईंच्या तारखेचं काही कळलं?"

"येईल. आमच्याकडे गरजेप्रमाणे नंबर लागतो, पाकिटाप्रमाणे नाही."

"गरज दिसतेय की समोर," मोहन म्हणाला. खवचटपणे नाही, खरंच वाईट वाटून म्हणाला. तेच दीनानाथला जास्त झोंबलं.

"तुझे ते सर्जन शिकले कुठे? आमच्याकडे! सकाळी आमच्या थिएटरमध्ये, संध्याकाळी तुमच्या. माणूस तोच. तुम्ही फक्त क्यू मोडता."

"अहो, मी क्यूमध्ये नाहीच! त्यामुळे ताई एका नंबरने पुढे आहेत. यू शुड थँक मी."

"आणि उद्या जॉब गेला की कार्ड गेलं. मग?"

"मग आहेच की तुमची एनएचएस. टॅक्स मीही भरतो. दोन्ही असू देत ना, काय बिघडलं?"

काय बिघडलं याचं उत्तर दीनानाथकडे होतं, चांगलं अर्ध्या तासाचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आजारपणात सगळे सारखे, हे त्याने एकतीस वर्षं मानलं होतं. त्याच्या लॅबमध्ये येणाऱ्या बाटल्यांवर पगार लिहिलेला नसायचा. पण त्या क्षणी त्याच्या मनात तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. कस्तुरी उभी होती आणि अक्षया बसली होती, एवढंच होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला चहा तसाच ठेवून तो गाडीत जाऊन बसला.

त्यानंतरच्या सोमवारी दीनानाथच्या फोनवर मेसेज आला. अक्षयाच्या फॉर्मवर नंबर त्याचाच होता. आपल्या बायकांची ही जुनी खोड. जन्मतारीख खरी लिहितील, वजनसुद्धा खरं लिहितील, पण फोनच्या रकान्याशी आल्या की हात आपोआप नवऱ्याचा नंबर लिहितो.

मेसेज हॉस्पिटलचा होता. आपण वर्षाहून अधिक काळ वाट पाहत आहात. पुढील खासगी हॉस्पिटलात आपलं ऑपरेशन तीन आठवड्यांत होऊ शकेल. खर्च एनएचएस करेल. चालणार असेल तर एक लिहा, आहे तिथेच थांबायचं असेल तर दोन. खाली हॉस्पिटलचं नाव. कस्तुरीला नवा गुडघा बसवला त्याच हॉस्पिटलवाल्या कंपनीची, नॉटिंगहॅमबाहेरची शाखा.

तीन आठवडे! दीनानाथ उठलाच. अक्षया स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती. तो तोंड उघडणार एवढ्यात तीच म्हणाली, "अहो, कस्तुरीचा फोन येऊन गेला. मोहन म्हणतोय, त्यांच्या त्या हॉस्पिटलात एकदा दाखवून तरी या. फी तो भरेल म्हणे."

दीनानाथचं तोंड मिटलं. त्याला मोहनचा चेहरा दिसायला लागला, हसरा, समजूतदार. 'शेवटी आलात ना आमच्याकडे?' मोहन असं म्हणाला नसता. मनात म्हणाला असता, आणि मनातलं तर उलटून सुनावताही येत नाही.

"काही गरज नाही त्याच्या फीची," तो म्हणाला, आणि मागच्या बागेत जाऊन दोन लिहून आला.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, अशी म्हण आहे. इथे दीनानाथचं नाक शाबूत होतं. गुडघा बायकोचा होता.

महिन्याभरात नंबर लागेलच, असं त्याने स्वतःला बजावलं. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरही सरत आला. जिना उतरताना अक्षया आता ओठ चावायला लागली होती, आणि दीनानाथ ती वेळ साधून बाहेर कचऱ्याचे डबे लावायला जायचा.

ऑक्टोबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीत, एका बुधवारी, मेडनहेडची मंडळी आली. मोहन उतरलेला दिसत होता. कंपनीने महिन्यापूर्वी चाळीस जणांना काढलं, त्यात हा. कार्डही गेलं.

"तुम्ही म्हणाला होतात," तो दीनानाथला म्हणाला. "जॉब गेला की कार्ड गेलं. बरोबर होतं तुमचं."

दीनानाथने चेहरा पाडला, च् च् केलं, पण आत अशा उकळ्या फुटत होत्या की विचारू नका. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने साडूला आग्रह करकरून दोनदा शिरा वाढला.

"आणि नेमका आता हिचा दुसरा गुडघा," मोहन म्हणाला.

"पण ताई, गंमत ऐक," कस्तुरी म्हणाली. "आमच्या जीपी डॉक्टरने एनएचएसच्या क्यूमध्ये टाकलं ना, तर हॉस्पिटलं निवडायला लिस्ट दिली. त्यात आमचंच जुनं हॉस्पिटल! पैसे एनएचएस देणार. मी लगेच हो म्हटलं. वर्षभर थांबलेल्यांना तर मेसेज करून विचारतात म्हणे. तुला नाही आला?"

"नाही गं."

"असं कसं? नंबर कुणाचा दिलायस? भाऊजींचाच असेल. भाऊजी, बघा ना तुमच्या फोनमध्ये."

दीनानाथने शिऱ्याची वाटी उगाच हलवली. अक्षया त्याच्याकडे बघत होती. तीस वर्षांच्या संसारात बायकोला वाटी हलवण्याचा अर्थ कळतो. तिने हात पुढे केला.

"द्या."

त्याने फोन दिला. तिने मेसेज वाचला, खाली गेलेलं उत्तर वाचलं, वर जाऊन तारीख बघितली. मग तिथलाच नंबर लावून फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. पलीकडच्या बाईने नाव, जन्मतारीख विचारली. ती ऑफर ऑगस्टमध्येच बंद झाली होती, पेशंटने नकार दिला म्हणून. पुन्हा जागा निघाली तर नक्की कळवू, ती म्हणाली.

"माझा नंबर बदलून घ्या," अक्षया इंग्रजीत म्हणाली, आणि स्वतःचा नंबर एकेक आकडा सुटा सुटा करून सांगितला.

"आणि नेक्स्ट ऑफ किन? जवळचं माणूस म्हणून हजबंड आहेत, तेच ठेवू?"

"नाही. तेही बदला. माय सिस्टर." ती कस्तुरीकडे वळली. "सांग नंबर."

कस्तुरी गांगरली आणि सवयीने मोहनचाच नंबर सांगायला लागली.

"नवऱ्याचा नको," अक्षया म्हणाली. "तुझा."

फोन बंद करून तिने तो दीनानाथपुढे सरकवला. ती टेबलाची कड धरून उठायला लागली. दीनानाथ खुर्ची मागे सारून धावला, पण मोहन जवळ होता. त्याने हात पुढे केला, आणि अक्षयाने तो धरला.