सरळ उभी वेल

रबराच्या वेली मुळासकट तोडून संपवल्यात, आता परत लावा, असा हुकूम लुलोंगा नदीकाठच्या आमच्या गावावर आला. घरटी दीडशे रोपं. दोन महिन्यांनी गोरा साहेब पाहायला येणार आणि तोवर बायका ओलीस. माझी बायको बोलुंबु आणि माझी बहीण एयेंगा शिपायांच्या ठाण्यावरच्या झोपडीत एकाच दोरीला बांधलेल्या होत्या.

ही वेल कोरड्या चढावरच होते; पलीकडच्या दलदलीत औषधालाही सापडत नाही. चढावरचीही आता चार दिवसांच्या चालीवर उरली होती. एयेंगाचा नवरा इलोंगा तिथवर गेला. बी सुकलं की मरतं, म्हणून ओल्या पानांत गुंडाळून आणलं आणि लावलं. मी मोठा शहाणा! साहेब यायच्या दोन दिवस आधी जवळच्या रानातली कुठलीतरी वेल तोडली, तिचे तुकडे काठ्यांना गुंडाळले आणि रोवले.

"दाजी, तुमची रोपं बघून साहेब हसेल. वीतभर तर आहेत!"

"लोकुली, ही वेल आधी झाडासारखी सरळच वाढते. मूळ खोल गेलं की मग आधार शोधते. तुझ्या आजोबांनीच शिकवलंय मला. तुझ्या काठ्या आठ दिवसांत वाळतील."

"वाळू देत की! साहेब परवा येतोय."

साहेबाने माझी हिरवी वेटोळी पाहून मान डोलावली. इलोंगाच्या रांगेपाशी मात्र तो थबकला.

"ही कसली झुडपं?" दुभाष्या ओरडला. "वेल कधी सरळ उभी असते का रे?"

"लहान आहे मालक. याला विचारा, माझा मेव्हणा आहे."

सगळे माझ्याकडे वळले. खरं बोललो असतो तर माझ्या काठ्या उपटून पाहिल्या असत्या. झोपडीच्या दारातून दोघीही बघत होत्या.

"रानातलं झुडूप आहे," मी म्हणालो.

शिपायांनी इलोंगालाच ती रोपं उपटायला लावली. एकेका रोपाला हातभर पांढरं मूळ होतं. साहेबाने तिकडे पाहिलंही नाही. मी मात्र पाहिलं. माझ्याइतका भित्रा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता.

बोलुंबुची दोरी सुटली.

"जा वहिनी," एयेंगा म्हणाली. "माझ्या भावाला पोटभर जेवायला घाल. दमलाय तो."

नवं बी मिळायला पुढची फळं पिकायला हवी होती. तोवर एयेंगा त्याच झोपडीत उपाशी मेली.