बुधवारच्या प्रार्थनेची चाल

आमच्या माउंट नेबो मंडळीत उपदेश संपला की पाळकसाहेब दोन्ही हात पसरून म्हणतात, "दार उघडं आहे." मग वेदीपुढे दोन खुर्च्या मांडल्या जातात. मंडळीत यायचं असेल, किंवा सोडून गेलेल्याला परत यायचं असेल, तर त्याने सगळ्यांदेखत चालत येऊन खुर्चीत बसायचं. एकाने 'घ्या' म्हणायचं, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा, मग हात वर. आणि कोणाची हरकत असली, तर ती मिटेपर्यंत मत नाही.

एकोणऐंशी सालच्या जूनमध्ये एका रविवारी त्या खुर्चीत व्हर्लीन टर्नेज येऊन बसली आणि ऑर्गनवर माझे हात जागच्या जागी थांबले.

त्या दिवशी आमचे पाळक रेव्हरंड बीचम यांनी उपदेशाला बायबलातला योना घेतला होता, माशाने गिळलेला तो. आधी साधं बोलणं, मग वाक्यांना हेलकावा, मग शब्दाशब्दाला सूर फुटतो, आणि मासा योनाला किनाऱ्यावर टाकतो तोवर आख्खी मंडळी उभी असते. एकतीस वर्षं मी त्यांच्या वाक्यांमागे सूर भरतो आहे. प्रभूने मला स्वर्गात बाकी काही नाही दिलं तरी चालेल, रविवारची ती शेवटची दहा मिनिटं द्यावी.

व्हर्लीन त्याच दहा मिनिटांत गाणं शिकली. दम कुठे तोडायचा, ओळ कुठे लोंबकळत ठेवायची, सगळं इथल्या बाकांवर. एकोणिसाव्या वर्षी ती आमचं हे पाईन ब्लफ गाव सोडून मेम्फिसला गेली आणि अठ्ठावन साली तिची रेकॉर्ड आली. त्या उन्हाळ्यात अशी एक खिडकी नव्हती जिच्यातून व्हर्लीन ऐकू येत नव्हती. नंतर आणखी दोन गाणी गाजली, बसमधून गावोगावचे जलसे झाले, शिकागो झालं. मग जमाना बदलला, आणि गेली दहा वर्षं ती सेंट लुईसच्या एका हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर गात होती. आवाज मात्र तसाच, लोण्यात तळलेला.

आणि आता तिला घरी यायचं होतं. आमच्या गायकवृंदात, रविवारी सकाळी.

"मी म्हणतो, घ्या!" मंडळीचा कारभार पाहणारे डीकन थर्लो ओरडले.

"थांबा." पहिल्या बाकावरून पांढरा हातमोजा वर झाला. मदर ओझेला पेटवे. वय एक्क्याऐंशी, मंडळीतल्या सगळ्या वडीलधाऱ्या बायकांच्या प्रमुख. "थर्लो, तुला फार घाई. खालच्या स्वयंपाकघरात कोंबडी तळतायत त्याचा वास लागलाय तुला."

"मदर, वास तर सगळ्यांनाच लागलाय."

"मग कळ काढा सगळे. माझी हरकत आहे."

व्हर्लीनने मान खाली घातली. हरकत कशाबद्दल ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. मदर ओझेलांचे यजमान डीकन एमॉस बुधवारच्या प्रार्थनेत गुडघे टेकून एक चाल आळवायचे: 'थकलो रे, हात दे, हात दे, प्रभू.' व्हर्लीनने तीच चाल रेकॉर्डवर घातली. फक्त 'प्रभू' काढून तिथे 'रॉस्को' हे पुरुषाचं नाव बसवलं, आणि प्रार्थनेचं प्रेमगीत झालं.

"मदर ओझेला," ती म्हणाली, "मी तुमची क्षमा मागते."

"क्षमा देवाकडे माग. मला चाल परत दे."

"कशी देऊ?"

"इथेच गा. ज्याच्यासाठी होती त्याच्या नावाने. मग बघू."

रेव्हरंडनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी सूर धरला. आता कबूल करतो, चूक माझ्यापासून सुरू झाली. बोटांनी मला न विचारताच रेकॉर्डच्या सुरुवातीचे ते चार ठोके वाजवले, आणि मागे गायकवृंदातले पायही हलायला लागले. व्हर्लीनने डोळे मिटले. पहिली ओळ अशी गायली की माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या ओळीला लोक उभे राहिले. "गा, पोरी, गा!" तिसऱ्या ओळीला तिने सूर वर नेला, हात छताकडे पसरले.

"हात दे, हात दे, रॉस्को!"

वारा घ्यायचे सगळे पंखे हातातल्या हातात थांबले. खर्जात गाणाऱ्या ब्रदर ड्युईने तोंडापुढे गीतपुस्तक धरलं. व्हर्लीनने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

"प्रभू!" ती बोटांआडून म्हणाली. "प्रभू म्हणायचं होतं मला! एकवीस वर्षं रोज तेच..."

"चूक माझी," मी उठून म्हणालो. "मीच तिला त्या रस्त्याला लावलं."

"क्लेटस, तू खाली बस," मदर ओझेला म्हणाल्या, पण आवाज चिरकला. त्यांचे खांदे हलत होते. मंडळीतली एक सिस्टर पाणी घेऊन धावली. जवळ जाऊन पाहते तर मदर हसत होत्या. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होत्या.

"ऐका," त्या दम घेत म्हणाल्या. "एमॉस गेला, त्यानंतरच्या बुधवारी मी गुडघे टेकले. त्याची चाल धरली. आणि तोंडातून काय निघालं? रॉस्को! बहात्तर वर्षांची विधवा मी, आणि देवासमोर परक्या पुरुषाला हाका मारतेय! त्या दिवसापासून नऊ वर्षं ती चाल तोंडात घेतली नाही. तुम्हाला वाटतं दुःखामुळे. कसलं दुःख? भीती वाटते मला!"

मंडळी इतकी हसली की वरचे दिवे हलले.

"कोण गं तो मेला?" मदरनी विचारलं.

"कोणी नाही हो. रेकॉर्डवाले म्हणाले, कोणाचं तरी नाव हवं. तिथे झाडू मारणारे एक आजोबा होते, ते रॉस्को."

"बायको होती त्यांना?"

"होती. रोज डबा घेऊन यायची."

"बिचारी!" मदर ओझेला काठी टेकत उठल्या, खुर्चीपाशी आल्या आणि व्हर्लीनचा हात धरला. "हे बघ, दोघींचीही जीभ बिघडलीय. जुन्या रीतीने करू. ओळ मी आधी बोलते, मग तू गा. क्लेटस, तू हात मांडीवर ठेव."

मी ठेवले. मदर ओळ साधी बोलल्या, व्हर्लीनने ती उचलली, मंडळीने तिच्यामागून ओढली, संथ, जडशीळ, बुधवारसारखी. तिसरी ओळ आली तसा सगळ्यांनी श्वास रोखला.

"हात दे, हात दे," मदर म्हणाल्या, क्षणभर थांबल्या आणि एकेक अक्षर ठेवल्यासारखं म्हणाल्या, "प्रभू."

व्हर्लीनने तो शब्द घेतला आणि सोडलाच नाही. वर नेला, वळवला, खाली आणला, पुन्हा वर नेला. त्या लांबलचक सुराखाली मला आणखी एक बारीक, थरथरता आवाज ऐकू आला. मदर ओझेला गात होत्या. रेव्हरंड बीचमना राहवलं नाही. त्यांनी संपलेला उपदेश पुन्हा काढला आणि योनाला दुसऱ्यांदा किनाऱ्यावर आणलं.

"हरकत?" त्यांनी गातागाताच विचारलं.

"कसली हरकत? घ्या म्हणतेय मी!" मदर म्हणाल्या. "फक्त मागच्या रांगेत उभी करा. एवढी उंच बाई पुढे आली तर मला पाळकसाहेब दिसायचे नाहीत."

"माझं 'घ्या' आधीचंच आहे," डीकन थर्लो म्हणाले. "ते दुजोरा म्हणून धरा."

"सगळ्यांची मान्यता?"

हात वर झाले. मीही मांडीवरचे दोन्ही हात वर केले. मत एकच असतं, पण कोणी मोजत नव्हतं, आणि व्हर्लीन अजून गातच होती.