माय भरती आहे

धनंजय वर्ध्याला ऑफिसात जातो, अशी रोहणा गावातल्या त्याच्या घरच्यांची समजूत होती. खरं तर काम होतं लॅपटॉपवरचं, कुठूनही करायचं. पण गावात नेटचा भरवसा नव्हता आणि घरी बसलेला पोरगा कामावर आहे हे कुणाला पटत नाही. म्हणून ऑफिस. ते शोधताना धनंजयसाहेबांच्या नाकी नऊ आले. वाचनालयात फोनवर बोलू देत नव्हते, दुसऱ्या चहानंतर हॉटेलवाला उगाच टेबल पुसायला यायचा. शेवटी मोठ्या दवाखान्यात नातेवाइकांच्या बसायच्या जागेत त्याचं बस्तान बसलं. पंखा, थंड पाणी, चार्जिंग, आणि ऊठ म्हणणारं कुणी नाही.

भानगड एकच झाली. मनकर्णाबाई रोज शेजारी बसायच्या, त्यांचा नवरा वॉर्डात होता. तुझं कोण भरती आहे, असं त्यांनी विचारलं आणि याच्या तोंडून "माय" निघून गेलं. तेव्हापासून बाई डब्यातली अर्धी भाकर त्याच्यापुढे सरकवू लागल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तो खायचा, आणि मायची तब्येत रोज थोडी सुधारून सांगायचा.

एका मंगळवारी त्याची माय, छायाबाई, खरोखरच दवाखान्यात आली. गावातल्या आनंदाबाईचं ऑपरेशन झालं होतं, तिच्यासाठी डबा घेऊन. जिन्याकडे वळताना तिला पोरगा दिसला. मांडीवर लॅपटॉप, हातात भाकर.

"तू इथं काऊन?" तिनं विचारलं.

त्याच्याआधी मनकर्णाबाईच बोलल्या. बिचारा मायपायी इथं बसूनच काम करतो, मी तिच्यासाठी सोमवार धरलाय, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं आणि पदराच्या गाठीतून अंगाऱ्याची पुडी काढली. "घे बापू, मायले लावजो."

धनंजयची मान वर होईना. छायाबाईनं लॅपटॉप पाहिला, भाकर पाहिली. सगळं तिच्या ध्यानात आलं.

"मीच त्याची माय," ती म्हणाली. "आजच सुट्टी झाली."

मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या कपाळाला अंगारा लावला. "हात धरून ने रे तिले. अशक्त आहे."

त्यानं हात धरला. बाई पोचवायला दारापर्यंत आल्या, म्हणून छायाबाई आजाऱ्यासारखी थांबत थांबत चालली. फाटकाबाहेर आल्यावर तिनं हात सोडवून घेतला. दुसऱ्या हातात डबा तसाच होता.

"आता आनंदाबाईचा डबा घेऊन मी कोन्त्या तोंडानं आत जाऊ?" ती म्हणाली.