सूसबाबांची माहेरवाशीण

"आ गई! मैया आ गई!"

एरचच्या घाटावर एकच गलका झाला. बेतवेच्या डोहात एक करडी पाठ आणि लांब चोच क्षणभर दिसली नि बुडाली. नावेत उभे राहून सूसबाबा शंख फुंकत होते. त्यांचे गाल इतके फुगले होते की मला मैयापेक्षा बाबांचीच काळजी वाटली.

झाशीहून माणसे आगगाडीने एरच रोडला उतरत, पुढे बैलगाडी, मग नाव. सूस म्हणजे गंगा-यमुनेतली डॉल्फिन, बेतवेतही येते. पण बाबा तिला मैया म्हणत नि सांगत, "गंगाजी के यहाँ ब्याही है, बेतवा में माहेर आई है!" 'माहेर' हा एवढा एकच मराठी शब्द त्यांनी पैदा केला होता, आणि तेवढ्यावर त्यांचे भागत होते. आमचे पूर्वज मराठ्यांच्या सुभेदारांबरोबर इकडे आले ते इथलेच झाले; माहेर म्हटले की आमच्या बायका अजून विरघळतात. माहेरवाशिणीला रिकामी कशी पाठवायची? खण, नारळ, तांदूळ, सगळे बाबांच्या नावेत जाऊ लागले.

माझी आत्या राधाबाईही ओटी घेऊन निघाली. तिची सून बकुळा दम्याने बेजार होती, रात्री बसूनच काढी. बाबांनी डॉक्टरचे औषध बंद करवले होते. "डागदरी दवा और मैया की कृपा एक घर में नहीं रहतीं." आत्याने बाटली कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली. आता मैया वर आली की बकुळेने नाक दाबून थंड डोहात बुडी मारायची होती. मी विरोध केला. पण मी मालधक्क्यावरचा कारकून, आणि बाबा पडले अंतर्ज्ञानी!

आमची नाव डोहात पोचताच बाबा म्हणाले, "आँखें मूँद लो, माताओ! मैया लजाती है. शंख बजे तब खोलना."

सगळ्यांनी डोळे मिटले. चेला झांज बडवू लागला. बकुळेला मात्र धाप लागली होती. ती नावेची कड धरून पाण्याकडे बघत राहिली.

"सासूबाई, ती आत्ता वर आली होती. शंख वाजलाच नाही."

"डोळे मिट गं!"

"पुन्हा आली! बाबाजी तर अजून तंबाखू मळताहेत."

सगळ्यांचे डोळे उघडले. झांज थांबली. त्या शांततेत 'फुस्स' असा आवाज झाला आणि सूस वर आली, शंखावाचून.

बाबा डगमगले नाहीत. "यह मेरे मौन का प्रताप है!"

"तो बाबाजी," बकुळा थांबत थांबत म्हणाली, "अब मैया से कहिए कि ऊपर न आए. आपका कहा तो मानेगी."

बाबांनी हात उगारून हुकूम सोडला. पाणी स्तब्ध होते. बाबा मिशीत हसले, आणि नेमकी नावेला लागूनच सूस वर आली. बाबांची दाढी भिजली.

बकुळा म्हणाली, "सासूबाई, ती कुणाच्या हाकेने येत नाही. तिला श्वास हवा असतो. वर येऊ दिलं नाही तर मरेल ती." मग दम घेऊन म्हणाली, "मीसुद्धा."

"बहू पर प्रेत की छाया है, डुबाओ इसे!" बाबा गरजले. चेल्याने बकुळेचा दंड धरला.

आत्याने त्याचा हात झटकला. "खबरदार!" मग ती नावाड्याला म्हणाली, "नाव घुमाओ, भैया!"

काठावर उतरल्यावर आत्याने आणलेली ओटी बकुळेच्या पदरात घातली. "चुकले गं पोरी," ती म्हणाली. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "जनार्दना, गाडीतून उतरलास की आधी घरी धाव. बाटली काढून ठेव."

बाबांची युक्ती ती एवढीच. सूस दर थोड्या वेळाने श्वासासाठी वर येतेच. शंख वाजण्यापूर्वीचे तिचे येणे मिटल्या डोळ्यांना दिसायचे नाही, झांजेत ऐकू यायचे नाही. मग शंख सुरू करायचा तो ती येईपर्यंत थांबवायचाच नाही. वाचकहो, चमत्कार दाखवणारा तुम्हाला डोळे मिटायला सांगेल, तेव्हा ते उघडे ठेवा. आणि आजाऱ्याचे औषध काढून घ्यायला सांगेल, तेव्हा किल्ली त्याच्या सांगण्यावरून फिरवू नका. बेतवेतली सूस आजही वर येते. बकुळावहिनी औषध घेते, आणि रात्री आडवी होऊन झोपते.