मांडीवरची जागा

नातीने आजीच्या तोंडासमोर हातातला आरसा धरला.

"जीभ बघ. वर जातच नाहीये तुझी."

आजीने आरशात पाहिले, जीभ टाळूला लावली आणि वाक्य पुन्हा म्हटले. मधल्या एका शब्दाशी ती नेहमीसारखीच अडखळली.

"परत."

"अगं, घोटभर पाणी तरी पिऊ देशील की नाही?"

"वाक्य नीट आल्यावर."

आरशाची युक्ती आजीचीच होती. नातीला 'ळ' म्हणता येत नव्हता, तेव्हा ती तिला रोज आरशासमोर बसवायची आणि न रागावता, न कंटाळता, जीभ कुठे वळवायची ते दाखवायची. उभे आयुष्य तिने पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवण्यात घातले होते. अर्थ कळल्याशिवाय काही पाठ करून घ्यायचे नाही, हा तिचा वर्गातला नियम होता. म्हणून काल या परक्या देशाच्या भाषेतले हे वाक्य कागदावर आले, तेव्हा तिने आधी नातीकडून एकेका शब्दाचा अर्थ विचारून घेतला.

नातीने बोट ठेवत सांगितला होता. मी. यापुढे. दुसऱ्यांच्या. मुलांना. हात. लावणार नाही.

"एवढंच?" आजीने विचारले होते.

"एवढंच. सोपं आहे."

ओट्याशी आजीची मुलगी, म्हणजे नातीची आई, भांडी विसळत होती. तिची पाठ ऐकत होती. उद्या सकाळी बालकल्याण कार्यालयातून एक बाई घरी येणार होती. तिचे समाधान झाले, तर आजीला पुन्हा नातीला शाळेतून आणता येणार होते, घरी एकटीने सांभाळता येणार होते. नाही झाले, तर मुलीला इस्पितळातली दुपारची पाळी सोडावी लागणार होती आणि आजीला परत जावे लागणार होते. परत म्हणजे कुठे, हा प्रश्न घरात कोणी काढत नव्हते. तिकडचे घर तिने कधीच आवरून टाकले होते.

घडले होते ते असे. दुपारी नातीला आणायला आजी बसने निघाली होती. बस भरलेली होती, पण इथली भरलेली. म्हणजे माणसामाणसांत हवा खेळत होती. एक तरुण आई दांड्याला धरून उभी होती. एका हातात मिटलेली बाबागाडी, खांद्यावर पिशवी, काखेत दोनेक वर्षांचा मुलगा. वळणावर बस कलली. आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "दे इकडे," आणि दोन्ही हात पुढे करून तिने मुलाला उचलून मांडीवर घेतले.

मूल रडलेसुद्धा नाही. किंचाळली ती त्याची आई.

ड्रायव्हरने बस थांबवली, दारे लावून घेतली. मग पोलीस आले. आजीला इथल्या भाषेतले 'माफ करा' आणि 'धन्यवाद' एवढेच येत होते, आणि घाबरल्यामुळे ती प्रत्येक प्रश्नाला 'धन्यवाद' म्हणत राहिली. शाळेच्या फाटकाशी नात शिपायाजवळ एकटी उभी राहिली, तिची आई धावत येईपर्यंत.

"आई, निदान विचारायचं तरी," त्या दिवशी घरी आल्यावर मुलगी म्हणाली होती.

"विचारायला वेळ कुठे होता? पोर पडत होतं."

मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली होती. मग म्हणाली होती, "मला पोलिसांनी बसमधल्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. तो पडत नव्हता गं."

आताही, आरशातल्या स्वतःच्या जिभेकडे बघताना, आजीला ते आठवत होते. पोर पडत होते म्हणून घ्यायचे, असे तिकडे होतेच कुठे? शाळेला जायची तिची बस थांब्यावर यायची तीच एका बाजूला झुकलेली. कंडक्टर ओरडायचा, "सरका पुढे, पुढे काय लग्नाच्या पंगती बसल्यात का?" बसायला जागा मिळाली की ती जागा आपली, पण मांडी आपली राहत नसे. उभ्या असलेल्या बाईचे मूल न विचारता मांडीवर यायचे, त्यावर कुणाची पिशवी, पिशवीवर कुणाच्या चपलांचा जोड. एकदा तर एका म्हाताऱ्याने भिंतीवरचे घड्याळ धरायला दिले होते आणि तो आपल्या थांब्यावर ते विसरूनच उतरला होता. साऱ्या बसने आरडाओरडा करून त्याला परत बोलावले होते. कितीतरी मुले आधी तिच्या मांडीवर झोपली आणि मग काही वर्षांनी तिच्या वर्गात आली. "बाई, ह्यानेच तुमचं लुगडं ओलं केलं होतं बरं का," आया वर्गाच्या दारात हसत सांगायच्या.

इथली बस स्वच्छ होती, वेळेवर येत होती, थांबा आला की गोड आवाजात सांगत होती. तिच्यात बसून आजी रोज जायची आणि थांबा येईपर्यंत मांडीवर नुसते हात ठेवून बसायची. त्या दिवशी पोर पडत नव्हते, हे खरे असावे. मांडी रिकामी होती, एवढेच.

हे उद्याच्या बाईला सांगता आले असते, तर काय झाले असते? तिने एकदा मुलीला तसे विचारून पाहिले.

"आई, प्लीज," मुलगी म्हणाली, "तू फक्त वाक्य म्हण."

सकाळी आलेली बाई तरुण होती, मऊ बोलणारी. तिने चहा नको म्हटले, पाणी घेतले. घर पाहिले, नातीचे अंथरूण पाहिले, खिडक्यांच्या कड्या पाहिल्या. मग नातीला जवळ बोलावून काहीतरी विचारले. नात ठसक्यात उत्तरली आणि ती बाई एकदम हसली.

"काय म्हणाली?" आजीने हळूच विचारले.

"तुला आजीची भीती वाटते का, असं विचारलं त्यांनी," मुलगी म्हणाली. "ही म्हणते, नाही, आजीच मला घाबरते."

मग ती बाई आजीकडे वळली. प्रश्न लांबलचक होता. मुलगी त्याचा अर्थ सांगायला लागली, तशी आजीने हात वर करून तिला थांबवले, पाठ ताठ केली आणि वाक्य म्हटले. अडखळली नाही. जीभ जिथे जायला हवी तिथे गेली. नातीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

त्या बाईने लिहिणे थांबवले, पुढे वाकून आजीच्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

"उच्चार फार छान आहे म्हणतात," मुलीने सांगितले. तिचे डोळे भरून आले होते.

परवानगी मिळाली. मुलीने त्या दुपारी इस्पितळात जाताना आईला घट्ट मिठी मारली, असे ती कधी करत नसे. पुढच्या आठवड्यापासून आजी पुन्हा बसने शाळेत जाऊ लागली. पहिले काही दिवस ती उभीच राहायची, जागा असली तरी. मग गुडघे कुरकुरू लागले, तशी बसू लागली.

एका दुपारी नातीला घेऊन परत येताना दोघींना शेजारीशेजारी जागा मिळाली. नात शाळेतली भांडणे सांगत होती. पुढच्या थांब्यावर एक माणूस चढला. कानाला फोन, आणि सोबत एक लहानशी मुलगी. तो बोलत बोलत दाराशीच उभा राहिला. मुलगी दुडदुडत आत आली, अगदी आजीच्या गुडघ्यांपर्यंत. धरायला काही नव्हते. ती आजीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

आजीने दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली सारले.

बस सिग्नलला करकचून थांबली. मुलगी पडली. डोके सीटच्या लोखंडी पायावर आपटले तो आवाज सगळ्यांनी ऐकला. क्षणभर ती रडलीच नाही, मग श्वास कोंडून निळी होईपर्यंत रडली. माणसांनी माना वळवल्या. कोणीतरी "अरेरे" अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटले. तिचा बाप फोन तसाच खांद्याला दाबून गर्दीतून वाट काढत आला, तोवर ती जमिनीवरच होती, आजीच्या चपलेजवळ. कपाळावर टेंगूळ वर येताना दिसत होते. एक लहान हात चपलेच्या पट्ट्याला धरून होता. बापाने उचलले, तेव्हा तो हात सोडवावा लागला.

आजी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती.

बाप मुलीला घेऊन पुढच्या थांब्यावर उतरला. रडणे काचेबाहेर गेले, दार लागले आणि ऐकू येईनासे झाले. बस चालू लागली.

मग नात आजीच्या कानाशी आली. तिने आजूबाजूला पाहिले आणि हळू आवाजात, शिकवणाऱ्या माणसाच्या समजूतदार सुरात म्हणाली,

"बरोबर केलंस आजी. अजिबात हात लावला नाहीस."

आजीने मान हलवली. नातीने तिच्या मांडीखालून एक हात ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. हाताला मुंग्या आल्या होत्या. नात तो दाबत होती, हे आजीला दिसत होते. जाणवत मात्र नव्हते.